पंचाची सही

(एका खेड्यांतील प्राथमिक शिक्षकानें चावडीपुढील सभेंत केलेलें भाषण. शेतकरी व कारागीर वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून सबंध देत आहों. — संपादक)



आज मला विषय दिला आहे तो घरझडतीचा व पोलिसांच्या दंडुक्याचा. ह्या दोन गोष्टींबद्दल न्यायालयांनीं काय काय निवाडे दिले, आणि ते आपल्यासारख्या कुणबी, माळी, सुतार, लोहार, कुंभार, वडार ह्यांच्या घरापर्यंत कसे पोंचावे, हें मी सांगणार आहें. मी वकील नाहीं. मुलांना वाचायला शिकविणें हा माझा धंदा. पण आज जें सांगावयाचें आहे तें शेवटीं वाचण्यापाशींच येऊन थांबतें, म्हणून मास्तरानें बोलावें हें वावगें नाहीं.

पोलीस दारांत आला कीं आपल्या घरांत काय होतें तें तुम्हांला ठाऊक आहे. म्हातारी देवापुढें जाऊन बसते, पोरें माजघरांत दडतात, आणि कर्ता पुरुष हात जोडून ओट्यावर उभा राहतो. त्यानें गुन्हा केला आहे कीं नाहीं हा प्रश्न अजून पुढेंच असतो. भीति मात्र आधींच आंत शिरलेली असते. ही भीति गुन्ह्याची नव्हे, अज्ञानाची आहे. शिपायाला काय करण्याचा अधिकार आहे व काय करण्याचा नाहीं, हें आपल्याला माहीत नसतें. म्हणून तो करील तेंच कायदा, असें आपण धरून चालतों. बळी तो कान पिळी, ही म्हण आपणच मुलांना शिकवितों आणि मग आपलेच कान पुढें करतों.

पूर्वी आपल्या वाडवडिलांना सही येत नसे. कागद लिहिणारा दुसरा, वाचणारा दुसरा. शेतकऱ्यानें खालीं नांगराची निशाणी काढावयाची, बलुतेदारानें आपल्या हत्याराची. वर काय लिहिलें आहे तें त्याला कळत नसे. पण खालीं नांगर असला कीं जमीन गेली, कर्ज दुप्पट झालें, आणि कज्जा हरला. महात्मा जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथांत ह्याच लेखणीच्या जुलुमाचें गाऱ्हाणें मांडलें. आज आपल्या घरांत पोरें दहावी-बारावी झालीं आहेत, कांहीं पदवीधर आहेत. पण पंचनाम्याचा कागद पुढें आला कीं हे शिकलेले हातसुद्धां न वाचतां सही करतात. मग आजोबाच्या नांगरांत आणि नातवाच्या झोकदार सहींत फरक तो काय राहिला? माझें आजचें सगळें म्हणणें ह्या एका सहीबद्दल आहे.

आतां निवाड्यांकडे येऊं. पहिली गोष्ट रात्रींच्या थापेची.

इंग्रज सरकारनें १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. मूल पारध्याच्या पोटीं जन्मलें कीं तें जन्मतःच संशयित. त्याची हजेरी घ्यावी, रात्रींअपरात्रीं त्याच्या पालावर जाऊन माणसें मोजावीं, असा तो प्रकार. आपल्या कोल्हापुरांत शाहू छत्रपतींनीं १९१८ सालीं ही हजेरी बंद केली. सगळ्या देशांतून तो कायदा उठायला १९५२ साल उजाडावें लागलें. पण कायदा उठला तरी संवय उठत नाहीं.

उत्तर प्रदेशांत खरकसिंग नांवाच्या माणसाला दरोड्याच्या आरोपाखालीं धरलें व पुरावा नाहीं म्हणून सोडून दिलें. सोडलें खरें, पण पोलिसांच्या वहींत त्याचें नांव चढलें. मग मध्यरात्रीं शिपायांनीं यावें, दार ठोठवावें, झोपेंतून उठवावें, असें चाललें. तो माणूस सर्वोच्च न्यायालयांत गेला. १९६२ च्या डिसेंबरांत न्यायालयानें सांगितलें कीं, रात्रीं अशा रीतीनें घरीं जाऊन उठविण्याचा पोलिसांचा नियम राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमाविरुद्ध आहे आणि तो रद्द समजावा. त्याच निवाड्यांत न्यायालयानें खाजगीपणाचा हक्क मात्र मान्य केला नव्हता. तेवढें उणें २०१७ सालीं भरून निघालें. त्या वर्षीं चोवीस ऑगस्टला नऊ न्यायाधीशांनीं एकमुखानें सांगितलें कीं, खाजगीपणा हा घटनेनें दिलेला मूलभूत हक्क आहे. वाड्याला दरवाजा असतो आणि पालाला गोणपाटाचा पडदा असतो. पण कायद्याच्या दृष्टीनें पडद्याची किंमत दरवाज्याइतकीच आहे, असा ह्याचा अर्थ मी घेतों.

दुसरी गोष्ट झडतीची. येथें नीट लक्ष द्या, कारण येथेंच आपण फसतों.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी कार्यपद्धतीच्या जागीं भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. तिच्यांत झडतीचे नियम आहेत. वारंट नसतांना झडती घ्यावयाची तर तपासी अंमलदारानें आपलीं कारणें आधीं लिहून ठेवावीं आणि त्या नोंदीची प्रत अठ्ठेचाळीस तासांच्या आंत जवळच्या मॅजिस्ट्रेटकडे पाठवावी. म्हणजे वारंट नाहीं एवढ्यावरून झडती बेकायदेशीर ठरतेच असें नाहीं. पण कारण लिहिल्याशिवाय अशी झडती घेतां येत नाहीं. झडतीपूर्वीं त्या वस्तींतले दोन किंवा अधिक स्वतंत्र व प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून बोलवावे. झडती त्यांच्या समक्ष घ्यावी. काय कोठें सांपडलें त्याची यादी करावी व पंचांच्या सह्या घ्याव्या. घरवाल्याला झडतीच्या वेळीं हजर राहूं द्यावें व यादीची प्रत त्याला द्यावी. बाईची अंगझडती बाईनेंच, आणि तीहि अब्रू संभाळून घ्यावी. आणि नव्या संहितेनें एक मोठी गोष्ट घातली आहे: झडती, जप्ती, यादी व पंचांच्या सह्या ह्या सगळ्याचें आवाजासहित चित्रण करावें, मोबाईलवर केलें तरी चालेल, आणि तें विलंब न लावतां मॅजिस्ट्रेटकडे धाडावें.

हे झाले नियम. आतां तुम्ही म्हणाल, नियम मोडून झडती घेतली तर जें सांपडलें तें न्यायालय फेंकून देत असेल. येथेंच बहुतेकांची चुकीची समजूत आहे.

अमेरिकेंत तसें आहे. जोतीरावांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक अमेरिकेंतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलें, हें आपणांस माहीत आहे. त्या देशांत गुलामगिरी गेली, पण काळ्या माणसाच्या दारावरचा दंडुका गेला नव्हता. १९५७ सालीं क्लीव्हलंड शहरांत डॉलरी मॅप नांवाच्या काळ्या बाईच्या घरीं पोलीस आले. तिनें वारंट मागितलें. पोलीस कांहीं वेळानें परत आले, दार फोडून आंत शिरले, आणि एक कागद तिच्यापुढें नाचवून म्हणाले कीं हें वारंट. पुढें खटला चालला तेव्हां तसलें वारंट कोणी न्यायालयांत दाखविलेंच नाहीं. १९६१ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, बेकायदेशीर झडतींत मिळालेला पुरावा देशांतील कोणत्याहि फौजदारी न्यायालयांत चालणार नाहीं.

आपल्याकडे तसें नाहीं. १९६२ सालीं राधाकिशन नांवाच्या पोस्टमनच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, झडती नियम मोडून होत असेल तर घरवाला तिला विरोध करूं शकतो, आणि न्यायालय त्या झडतीचा पुरावा जास्त बारकाईनें तपासील. परंतु तेवढ्यानें जप्ती फुकट जात नाहीं. १९७३ सालीं पूरणमल ह्याच्या खटल्यांत पांच न्यायाधीशांनीं हेंच अधिक स्पष्ट केलें: पुरावा खटल्याशीं संबंधित असला तर तो कसल्या झडतींतून आला एवढ्या कारणावरून टाकून देतां येत नाहीं. अंमली पदार्थांच्या कायद्याखालच्या अंगझडतीला मात्र वेगळा नियम आहे. राजपत्रित अधिकाऱ्यापुढें किंवा मॅजिस्ट्रेटपुढें झडती घ्या असें म्हणण्याचा तुझा हक्क आहे, हें त्या माणसाला सांगितलें नसेल तर अंगावर सांपडलेला माल त्याच्याविरुद्ध ताब्याचा पुरावा म्हणून वापरतां येत नाहीं. हें १९९९ सालीं बलदेवसिंगाच्या खटल्यांत ठरलें. पण तें सगळ्या झडत्यांना लागू नाहीं.

ह्याचा अर्थ काय झाला? अमेरिकेंत वाईट झडतीच्या आड न्यायालय स्वतः उभें राहतें. आपल्याकडे न्यायालय म्हणतें, कागद आणा, आम्ही तो तोलून पाहूं. आणि त्या तराजूंत पडतें काय? पंचाची सही आणि पंचाची साक्ष! ‘माझ्यासमोर पेटी उघडली, माझ्यासमोर हा कोयता निघाला’ असें पंच म्हणाला कीं पारडें एकीकडे झुकलें. ‘मी चावडींत बसलों होतों, तेथेंच सही घेतली’ असें तो खरेपणानें म्हणाला कीं दुसरीकडे. म्हणजे ह्या देशांत गरिबाच्या घराचें कुलूप न्यायालयानें एका अर्थीं पंचाच्या हातीं दिलें आहे. आणि पंच कोण? तुम्ही आणि आम्ही.

तें कुलूप आपण कसें सांभाळतों तें पाहा. मी लिहितावाचता म्हणून मला पंचासाठीं बोलावणें आलेलें आहे, आणि गांवांतले कितीतरी पंच मी पाहिले आहेत. ‘मास्तर, सही करा, गडबड आहे,’ एवढ्यावर कागद पुढें येतो. कोणी रानांतून घाईनें आलेला असतो, कोणाची म्हैस सुटलेली असते, कोणाला फौजदाराशीं वांकडें घ्यावयाचें नसतें. सही होते. पुढें दोन-चार वर्षांनीं समन्स येतें. साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभा राहून पंच म्हणतो, मला कांहीं आठवत नाहीं. त्याला ‘पंच फितूर झाला’ असें म्हणतात. ह्यांत दोन्हीकडून नुकसान आहे. आरोपी निरपराध असेल तर खोट्या सहीमुळें तो तुरुंगांत सडतो. आरोपी खरा चोर असेल तर फितूर पंचामुळें तो सुटतो, आणि ज्याची बैलजोडी गेली त्या शेतकऱ्याच्या हातीं कांहीं येत नाहीं. चोर सोडून संन्याशाला फांशी म्हणतात तें असें घडतें, आणि दोर वळण्यांत आपला हात असतो.

तिसरी गोष्ट दंडुक्याची.

आपल्या कायद्यांत एक जुना नियम आहे कीं, पोलिसापुढें दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाहीं. हा नियम कां आला? १८५५ सालीं मद्रास इलाख्यांत एक चौकशी कमिशन बसलें होतें. सरकारी चाकर सारावसुलीसाठीं आणि गुन्हा कबूल करून घेण्यासाठीं रयतेचा छळ करतात, हें त्याच्यापुढें उघड झालें. पुढें थोड्याच वर्षांनीं, १८६१ च्या कायद्यांत, असला कबुलीजबाब बाद ठरविण्यांत आला. तो नियम आजच्या साक्ष अधिनियमांतहि कायम आहे.

परंतु पुढचें दार लावलें तरी मागचें दार उघडें आहे. कोठडींतल्या माणसानें ‘अमुक जागीं पुरलें आहे, चला दाखवितों’ असें म्हटलें आणि तेथें खरोखर वस्तु निघाली, तर ती वस्तु दाखविण्यापुरतें त्याचें बोलणें पुराव्यांत येतें. ह्याला निवेदन पंचनामा म्हणतात. तो माणूस तें आपखुशीनें म्हणाला कीं टाचांवर फटके खाऊन म्हणाला, हें पाहणारा बाहेरचा माणूस कोण? पुन्हा पंचच! तो ठाण्यांत बसलेला असतो, आरोपी त्याच्यापुढें उभा केलेला असतो. आरोपी लंगडतो आहे काय, त्याचे हात सुजले आहेत काय, तो खरोखरीच बोलला कीं कागद आधींच लिहून ठेवला होता, हें पंचानें डोळे उघडून पाहावें. जें पाहिलें नाहीं त्याच्याखालीं सही करूं नये. मी सांगतों ह्यांत कांहीं बंड नाहीं. पंच कशासाठीं बोलवावयाचा, तर ह्याचसाठीं.

न्यायालयांनीं दंडुक्याला लगाम घातला तो कोणाच्या धडपडीनें, हेंहि ऐका. ओरिसांत १ डिसेंबर १९८७ रोजीं चोरीच्या तपासासाठीं एका बावीस वर्षांच्या तरुणाला पोलिसांनीं घरून नेलें. दुसऱ्या दिवशीं त्याचें प्रेत रेल्वेच्या रुळावर सांपडलें. पोलीस म्हणाले, तो दोरी चावून पळाला आणि गाडीखालीं आला. त्याची आई नीलाबती बेहेरा हिनें सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलें. न्यायालयानें त्या पत्रालाच अर्ज मानलें, पोलिसांची हकीकत खोटी ठरविली, आणि १९९३ सालीं तिला दीड लाख रुपये भरपाई सरकारनें द्यावी असा हुकूम केला. दीड लाखानें मुलगा परत येत नाहीं. पण कोठडींत माणूस मेला तर सरकारला हात झटकतां येणार नाहींत, हें त्या माउलीच्या पत्रानें ठरलें.

मुंबईच्या तुरुंगांतल्या बायांच्या मुलाखती घेऊन शीला बारसे ह्यांनीं असेंच एक पत्र लिहिलें. त्यावर १९८३ सालीं हुकूम झाला कीं, बायांना वेगळ्या कोठडींत ठेवावें, तेथें पहारा बाई शिपायांचा असावा, आणि चौकशी बाई पोलिसाच्या हजेरींतच करावी. त्याच हुकमांत आणखी एक गोष्ट आहे, ती कानाला गांठ मारून ठेवा. धरलेल्या माणसाला मॅजिस्ट्रेटपुढें उभें केलें कीं मॅजिस्ट्रेटनें त्याला विचारलें पाहिजे, ‘पोलिसांनीं मारहाण केली काय? तुझी कांहीं तक्रार आहे काय?’ आपला माणूस तेथें मान खालीं घालून ‘नाहीं साहेब’ म्हणतो, कारण मागें शिपाई उभा असतो. तें एक वाक्य बोलण्याचें धैर्य आलें तर डॉक्टरी तपासणी होते, नोंद होते, आणि मार लपत नाहीं.

पुढें बंगालमधील डी. के. बसू ह्यांनीं १९८६ सालीं लिहिलेल्या पत्रावरून १८ डिसेंबर १९९६ रोजीं मोठा निवाडा झाला. त्यांत अकरा आज्ञा आहेत. मुख्य तेवढ्या सांगतों. धरणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नांवाची पट्टी पाहिजे. अटकेचा कागद जागेवरच करावा; त्यावर घरच्या माणसाची किंवा वस्तींतल्या प्रतिष्ठिताची साक्ष आणि धरलेल्या माणसाची सही पाहिजे. कोठें ठेवलें आहे तें नातेवाइकाला कळवावें. त्यानें मागितल्यास अंगावरच्या लहानमोठ्या जखमा लिहून घ्याव्या. कोठडींत दर अठ्ठेचाळीस तासांनीं डॉक्टरकडून तपासणी करावी. वकिलाला भेटूं द्यावें. ह्या आज्ञा मोडल्या तर खात्याची कारवाई तर होईलच, शिवाय न्यायालयाचा अवमान केल्याचाहि दोष लागेल.

२०२० सालीं परमवीरसिंग सैनी ह्यांच्या खटल्यांत हुकूम झाला कीं प्रत्येक ठाण्यांत कॅमेरे लावावे. आणि अगदीं अलीकडे, ६ नोव्हेंबर २०२५ रोजीं, मुंबईच्या एका मोटार-अपघाताच्या खटल्यांतून सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, अटकेचीं कारणें धरलेल्या माणसाला त्याला समजेल अशा भाषेंत लेखी दिलींच पाहिजेत. तत्काळ शक्य नसेल तर आधीं तोंडीं सांगावीं; पण मॅजिस्ट्रेटपुढें नेण्याच्या निदान दोन तास आधीं कागद हातांत पडला पाहिजे. तें झालें नाहीं तर अटक बेकायदेशीर. आपल्या माणसाला मराठींत कागद मागण्याचा हक्क आला आहे! मराठींत आलेला कागद जो वाचणार नाहीं त्याला मात्र हा हक्क असून नसल्यासारखा.

न्यायालयाची स्तुति करतांना आपण आंधळे होऊं नये. न्यायालयहि चुकतें. आजच्या गडचिरोली जिल्ह्यांतील देसाईगंजच्या ठाण्यांत २६ मार्च १९७२ च्या रात्रीं एका आदिवासी मजूर मुलीवर पोलिसांनीं अत्याचार केल्याचा खटला झाला. नागपूरच्या उच्च न्यायालयानें दोघां पोलिसांना दोषी ठरविलें. परंतु १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांना सोडून दिलें. मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहींत, हें एक मोठें कारण धरलें. ठाण्याच्या चार भिंतींत, रात्रीं, गरिबाची पोर काय झटापट करणार? १९७९ सालीं चार कायदेपंडितांनीं न्यायाधीशांना उघड पत्र लिहून हाच प्रश्न विचारला. बाया रस्त्यावर आल्या. अखेर १९८३ सालीं सरकारला कायदा बदलावा लागला: पोलिसाच्या ताब्यांत संबंध झाला हें सिद्ध झालें आणि बाईनें ‘माझी संमति नव्हती’ असें सांगितलें, तर न्यायालयानें तिचें म्हणणें खरें धरून चालावें आणि उलट असेल तर तें आरोपीनें दाखवावें. म्हणजे न्यायालयाचा शब्द हा कांहीं वेदवाक्य नव्हे. सत्यशोधकांनीं वेदवाक्यच मानलें नाहीं, तर चुकीचा निवाडा तरी कां मुकाट्यानें मानावा? तो कायद्याच्या रस्त्यानें बदलून घेतां येतो, आणि लोकांनीं तो बदलून घेतला.

आतां कोणी म्हणेल, मास्तर, हें जुनें झालें, आतां तसें घडत नाहीं. तर परभणीकडे पाहा. २०२४ च्या डिसेंबरांत तेथें संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, त्यावरून दंगल उसळली, आणि धरपकड झाली. धरलेल्यांत वडार समाजाचा एक तरुण होता. पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडणाऱ्यांच्या समाजांतला हा मुलगा वकिलीचें शिक्षण घेत होता. तो न्यायालयीन कोठडींत मेला. त्याची आई उच्च न्यायालयांत गेली. २०२५ च्या जुलैंत उच्च न्यायालयाच्या मराठवाड्यांतील खंडपीठानें गुन्हा नोंदविण्याचा हुकूम दिला, आणि सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयांत गेलें तेव्हां त्या न्यायालयानेंहि हुकूम फिरविला नाहीं. १९८८ सालीं ओरिसाच्या आईनें पत्र लिहिलें. २०२५ सालीं आपल्या मराठवाड्याच्या आईला अर्ज करावा लागला. मधें सदतीस वर्षें गेलीं, अकरा आज्ञा झाल्या, कॅमेऱ्यांचा हुकूम झाला. निवाडे कमी पडले असें मला वाटत नाहीं. निवाडे विचारणारे कमी पडले.

दोन आक्षेप नेहमीं येतात, त्यांचें उत्तर देतों.

एक जण म्हणतो, तुम्ही चोराची बाजू घेतां. मुळींच नाहीं. पोलीस पाहिजेत, शेतावरची मोटार, गोठ्यांतली गाय आणि लेकीची अब्रू राखायला ते पाहिजेतच. शिवाय अंगावर खाकी घालणारा शिपाई बहुतकरून आपल्याच शेतकऱ्याचा मुलगा असतो. बारा-बारा तास उभा राहून तोहि पिचतो. त्याचा द्वेष करण्याचें कारण नाहीं. कायद्यानेंहि त्याला बळ वापरण्याची मुभा दिली आहे: अटकेला जो विरोध करील त्याला आवरण्यापुरतें बळ वापरावें. पण पळून जाऊं नये म्हणून लागतें त्याहून अधिक बंधन धरलेल्या माणसावर घालूं नये, असेंहि तोच कायदा म्हणतो. धरलेल्याला मारून कबूल करून घेणें हा तपास नव्हे, तपासाचा आळस आहे. खरा पंचनामा प्रामाणिक शिपायाचीहि ढाल होतो.

दुसरा म्हणतो, शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये. पंच होऊन खेपा कोण घालील? अहो, शहाण्यानें पायरी चढावयाची नाहीं म्हणून तर ती पायरी लबाडांना मोकळी राहिली! लेखी हुकूम देऊन बोलाविलें असतां सबळ कारणाशिवाय पंच होण्यास नकार देणें हा गुन्हा आहे. पण पंचाला न्यायालयांत समन्सावांचून यावें लागत नाहीं. आणि आज शेजाऱ्याच्या झडतीला तुम्ही गेलां नाहीं, तर उद्यां तुमच्या झडतीला ठाण्याबाहेर घुटमळणारे ठरीव पंच येतील.

म्हणून ह्या सभेंत माझ्या सूचना अशा आहेत.

गांवांतले लिहितेवाचते दहा-बारा स्त्रीपुरुष तयार व्हावे, सर्व जातींचे, आणि बोलावणें आल्यास पंच म्हणून जावें. बाया अवश्य असाव्या. पंचानें आरंभापासून शेवटपर्यंत हजर राहावें. झडतीपूर्वीं पोलिसांनीं आपले खिसे व पिशव्या दाखवाव्या असें नम्रपणें सांगावें. काय कोठून निघालें तें डोळ्यांनीं पाहावें. कागद सबंध वाचावा, आणि घरवाल्याला येत नसेल तर त्याला मोठ्यानें वाचून दाखवावा. कोऱ्या कागदावर सही कधींहि करूं नये. मोकळ्या जागेवर रेघ ओढून घ्यावी. लिहिलेलें चूक असेल तर सहीच्या वर आपलें म्हणणें लिहावें. तारीख व वेळ घालावी. चित्रण चालू आहे कीं नाहीं तें विचारावें.

घरवाल्यानें हातघाईवर येऊं नये. न्यायालयानें विरोधाचा हक्क सांगितला असला तरी गरिबानें तो तोंडानें व लेखी बजावावा, नाहींतर झडती राहते बाजूला आणि सरकारी कामांत अडथळ्याचा खटला गळ्यांत पडतो. यादीची प्रत मागून घ्यावी व ती सातबाऱ्याच्या उताऱ्याजवळ जपून ठेवावी. बायांना, साठीच्या पुढील म्हाताऱ्यांना व पंधरा वर्षांखालच्या मुलांना साक्षीदार म्हणून जबाबासाठीं ठाण्यावर बोलावतां येत नाहीं, त्यांचा जबाब घरीं येऊन घ्यावा लागतो, हें लक्षांत ठेवावें. माणूस धरून नेला तर चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढें आणलाच पाहिजे; प्रवासाचा वेळ तेवढा वेगळा. वकिलाला पैसे नसतील तर तालुक्याच्या न्यायालयांत विधि सेवा समिति आहे. कोठडींतल्या माणसाला, बायांना, आणि अनुसूचित जातिजमातींच्या लोकांना तेथें वकील फुकट मिळतो.

बंधुभगिनींनो, न्यायालयाचे निवाडे मोठमोठ्या ग्रंथांत बांधून ठेवलेले असतात. ते ग्रंथ पालापर्यंत चालत येत नाहींत. त्यांतला एक शब्द जेव्हां तुमच्या तोंडून ओट्यावर उच्चारला जाईल, ‘साहेब, कागद वाचूं द्या, मग सही करतों,’ तेव्हांच तो निवाडा आपल्या गांवांत लागू झाला असें समजा. पुढच्या रविवारीं संध्याकाळीं मी शाळेंत कोरा पंचनामा घेऊन बसणार आहें. ज्यांना तो वाचावयास शिकावयाचें आहे त्यांनीं यावें. बायांनीं आधीं यावें.